निळ्या भाताची पंगत

प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये कॅप्सूलच्या डब्या होत्या तशाच पडून होत्या. डॉ. उल्का सरपोतदारांनी फ्रीजचं दार धाडकन लावलं.

"सॅन होजेतली अख्खी व्हिएतनामी वस्ती पालथी घातली मी, लिएन. 'हो हो' म्हणून घेतात सगळे, गिळत मात्र कुणीच नाही!"

लिएन त्याच वस्तीत वाढलेली आरोग्यसेविका. ती म्हणाली, "त्यात आहे काय, ते मला कळेल असं सांगा."

"निदर्शक जिवाणू. आतड्याच्या अस्तरातून पेशी सारख्या झडत असतात. त्यांच्या डीएनएचे तुकडे हा जिवाणू गिळतो. एखादा तुकडा कर्करोगाच्या वाटेवरचा निघाला, तर तो निळा रंग सोडतो. शौचाला निळं दिसलं की दुर्बिणीने तपासायचं. गाठ कोवळी असतानाच काढली की पुढचं सगळं टळतं."

"आणि डोस?"

"थोडे गेले तरी चालतं. जिवंत आहेत ते, पोटात वाढतात."

"मग कॅप्सूल हवी कशाला?" लिएन हसली. "आमच्याकडे एकट्याने औषध घेणं म्हणजे स्वतःला आजारी ठरवणं. तुयेतआजींचे यजमान 'जरा पोट बिघडलंय' म्हणत म्हणत याच रोगाने गेले. त्या रोगाचं नावसुद्धा त्या घरात कुणी काढत नाही. रविवारी त्यांची पुण्यतिथी आहे, सगळं गणगोत जमेल. मोहरीच्या पाल्याच्या लोणच्यात घालू हे जिवाणू. सगळ्यांना सांगूनच. ज्याला नको, त्याने खाऊ नये."

वस्तीत वणवण करताना तुयेतआजींनीच उल्काबाईंना बळेबळे जेवू घातलं होतं. आता नवऱ्यासारखीच ही बाईही हातची जाणार की काय, या धास्तीने उल्काबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्या लगेच तयार झाल्या.

रविवारी यजमानांच्या फोटोपुढे उदबत्त्या लागल्या. गोकर्णीच्या फुलांनी निळा केलेला चिकट भात वाफाळत होता. लिएनने लोणच्यात काय आहे ते उभं राहून सांगितलं. सगळ्यांच्या नजरा आजींकडे वळल्या.

आजींनी विचारलं, "डॉक्टरीणबाई खाणार का?"

"मी? मला कशाला?"

"मग हे आजाऱ्यांचंच झालं," असं म्हणून आजींनी बरणी बाजूला सारली.

उल्काबाई पन्नाशी ओलांडलेल्या. स्वतःची तपासणी त्या कित्येक वर्षं 'सवड मिळाली की' म्हणून ढकलत आल्या होत्या. आता पळवाट उरली नाही. त्यांनी वाडगा पुढे केला. आजींनी लोणच्याची पहिली चिमूट त्यात वाढली, दुसरी स्वतः तोंडात टाकली आणि बरणी फिरू लागली.

आठवडाभराने एका सकाळी उल्काबाईंना निळं दिसलं. क्षणभर त्या चरकल्या, मग खो खो हसल्या. आजींनी काल पाठवलेला निळा भात दोन वाडगे चापला की दुसरं काय होणार!

तेवढ्यात लिएनचा फोन आला. "सगळ्यांचं स्वच्छ आहे! आजींचंही! एकालाही निळं दिसलं नाही!"

उल्काबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "आणि भाताने कुणाचा गोंधळ नाही ना झाला?"

"छे! आजी तर अजून रोज तोच भात खातायत. गोकर्णीचा रंग पोटात टिकत नाही, हे तुम्हीच तपासलं होतंत ना? म्हणून तर जिवाणूसाठी निळा रंग निवडलात."

उल्काबाई स्टुलावर टेकल्या.

"डॉक्टर? काय झालं?"

"काही नाही गं. जरा पोट बिघडलंय."

हे वाक्य लिएनने आजींच्या घरात पूर्वी ऐकलं होतं. "मी येतेय," ती एवढंच म्हणाली.

तपासणी झाली आणि गाठ दुर्बिणीतूनच काढली गेली. तिचा अहवाल आला त्या दुपारी तुयेतआजी पेजेचा डबा घेऊन उल्काबाईंच्या घरी हजर झाल्या. खाटेशी बसून त्यांनी पेज दोन वाडग्यांत ओतली, एक स्वतःपुढे ठेवला. मग खोली भरेल एवढ्या आवाजात त्यांनी विचारलं, "कर्करोग होता का?"

दाराशी उभ्या लिएनने चमकून पाहिलं. तो शब्द आजींच्या तोंडून तिने कधी ऐकला नव्हता.

"नव्हता, आजी," उल्काबाई म्हणाल्या. "झाला असता."

"मग खा," आजी म्हणाल्या, आणि दोघींनी मिळून पेज संपवली.