उतरवण्यात आलं

सुनावणीच्या खोलीचं दार आतून उघडत नव्हतं, बाहेरूनही नाही. त्याची किल्ली इंदू खंडागळेच्या कपाळावर होती.

किल्ली म्हणजे एक पट्टी. समोर बसलेल्या अभियंता पेठकरांनी इंदूची गोष्ट ऐकायची आणि तिच्या जागी स्वतःला ठेवून, 'मी' म्हणत, परत सांगायची. ही आपलीच गोष्ट, असं तिच्या मेंदूला पटलं की पट्टीतल्या ओळखमापकाचा दिवा हिरवा होई आणि कुलूप सुटे. कामावर माणूस मेला की त्याच्या साहेबानं हे केल्याशिवाय फाइल बंद होत नसे. पूर्वी साहेब लोक डोळे ओले करायचे, सही मारायचे आणि जेवायला जायचे. म्हणून हा कायदा आला.

तीन तास झाले. दिवा लाल.

"माझा नवरा लहू सकाळी कामावर गेला," पेठकरांनी पाचव्यांदा सुरुवात केली. "गटाराच्या चेंबरमध्ये उतरला. आत विषारी वायू होता. तो वर आलाच नाही." या वेळी त्यांनी चष्मा काढून डोळेही पुसले. लाल.

"बाई, मुद्दाम अडवताय?"

"मला हौस आहे? पोरगी शाळेतून येऊन दारात बसली असेल. मघाशीच मनात म्हटलं, हो, बरोबर, सोडा. डोकं ऐकत नाही."

"मग चुकतंय कुठं?"

"उतरला म्हणता. सायकलवरून उतरतो माणूस, साहेब. लहू नको म्हणत होता. त्याला उतरवलं."

पेठकरांनी फाइल पुढे ओढली. फाइलीत लिहिलं होतं, 'स्वतःच्या जबाबदारीवर उतरला.' वाक्य त्यांचंच. ते टिकलं तर लहू स्वतःच्या चुकीनं मेला. खोडलं तर पेठकर तुरुंगात. खोलीत शब्द न् शब्द नोंदला जात होता.

"माझ्या नवऱ्याला," ते सावकाश म्हणाले, "चेंबरमध्ये उतरवण्यात आलं."

दिवा पिवळा झाला आणि तिथंच अडला.

"मी असं बोलते का?" इंदू म्हणाली. "ही तुमची कागदावरची भाषा. मी नाव घेते."

पेठकरांनी दाराकडे पाहिलं. मग टेबलाकडे पाहत त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

"गटार उपसायचं यंत्र बंद पडलं होतं. लहू म्हणाला, वास मारतोय, नको. तर पेठकर साहेब फोनवर म्हणाले, नाटकं करू नको, नाहीतर उद्यापासून येऊ नको. पेठकर साहेबांनी उतरवलं त्याला. माझ्या नवऱ्याला."

कुलूप सुटलं.

इंदू उठली नाही. तिनं पट्टी काढून त्यांच्यापुढे सरकवली.

"घाला. आता मी ऐकते. तुम्हाला तो फोन करायला कुणी लावलं?"