डाव्या पिळाची दोरी

समुद्रावरचं धुकं वस्तीत शिरलं होतं. सियेन आवा उघडायला निघाली. काम रोजचंच, पण आज राखेखाली तिच्या भावाचं, चाफोकचं, मातीचं डोकं होतं. देवीच्या झुंजीत चाफोकचं शिरस्त्राण पडलं, जिंकणाऱ्याने त्याचे केस धरले आणि चाफोक बळीचा झाला. बळीची खूण म्हणून गळ्यात दोरी असलेला त्याच्या चेहऱ्याचा घडा भाजून निघाला की मगच सुरी उठायची, अशी रीत. आणि घडा करायचा कुणी, तर सख्ख्या बहिणीने!

पहिला घडा आव्यातून बिनदोरीचा निघाला होता. कारखान्याचा मुकादम लोंतोप तेव्हा खवळला होता. "भावासाठी हात आखडलास होय गं?" या खेपेची दोरी त्याने स्वतः वळून चिकटवली होती.

सियेनने राख सारली. आत ओल्या मातीचा वास आला. धगधगून विझलेल्या आव्यात ओली माती कुठली? तिचा हात थांबला.

"काढ ना... बघतेस काय?" मागे उभा लोंतोप म्हणाला.

"काका... तुम्हीच बघा."

घड्याचा गळा मोकळा होता. दोरी निखळल्याची खूणसुद्धा नव्हती. वारा पडलेला, तरी घड्याच्या तोटीतून बारीक शीळ आली. लोंतोप मागे सरकला आणि कोनाड्यातल्या, वस्तीच्या सरदाराच्या चेहऱ्याच्या घड्यावर त्याचा हात पडला. त्याने हात चटकन ओढून घेतला. सरदाराच्या मातीच्या गळ्यात दोरी होती.

"ही... ही कुणी घातली?"

आरडाओरडा ऐकून देवीची पुजारीण धावत आली. बघताच तिचा चेहरा पडला. "त्या पोराला सोडा, नाहीतर ही दोरी खरी होईल... सरदारांना मी सांगते."

दुपारी ढोल कडाडले. चाफोक देवळाच्या उतरणीवरून आपल्या पायांनी खाली आला, तशी सगळी कुंभारवस्ती नाचायला लागली. सियेन हसली, रडली, तिने त्याला दोन धपाटे घातले.

"ताई, नाक मात्र फताडं केलंस हं माझं!"

"आहेच तसं, मेल्या!"

इतका आनंद तिला जन्मात झाला नव्हता. सरदाराच्या गळ्यातली दोरी तिने ओळखली होती. पीळ डावा होता. वस्तीत डावखुरी एकच होती, तिची आई, आणि तिला याच कारखान्याच्या जमिनीखाली पुरलं होतं. आईने लेकाला सोडवून आणलं होतं!

मक्याच्या दारूची वाटी घेऊन सियेन आईच्या जागेपाशी गेली. तिथे आणखी एक दोरी पडली होती. ओली, ताजी, डाव्या पिळाची.

बाहेर लोंतोप खाकरला. "सियेने, पाणी दे गं जरा... सकाळपासून गळ्याला काहीतरी काचतंय."