विलाकोयोच्या वाटेवरची झोप

ऑगस्टात, ऐन थंडीत, आमच्या पठारावर लांबच्या वाटेला निघू नये, असं म्हातारी माणसं म्हणतात. त्या महिन्यात जमीन उघडी असते, भुकेली. पण विलाकोयोच्या सणात वाजवायचं आमंत्रण ऑगस्टातलंच, आणि ते सेवेरोमामाचं गाव. नाही कसं म्हणणार? सकाळी नाश्ता करून एल आल्तो शहरातून आमची व्हॅन निघाली.

गाडी मी चालवत होते. आमच्या बँडमध्ये ड्रम माझे. धाकटा भाऊ रुफिनो गिटार वाजवत ओरडून गातो, आणि सेवेरोमामा वेळूच्या नळ्यांचा सिकु फुंकतो. हेवी मेटलमध्ये सिकु कसला, म्हणून लोक आधी हसायचे. एकदा ऐकलं की गप्प व्हायचे. चौथा गोन्सालो, आवाजाची यंत्रं सांभाळायला नुकताच घेतलेला, शहरातला गोरा मुलगा. मामाला तो पहिल्यापासून खुपत होता.

पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा मामा मला बाजूला घेऊन म्हणाला, "देल्फिना, हा गाडीत झोपत कसा नाही गं? आम्ही दोघं मेल्यासारखे पडतो, आणि हा टक्क जागा."

"त्याला मोबाइल झोपू देत नाही, मामा."

"हसू नकोस. त्याच्या त्या पेटीत काय असतं, पाहिलंस कधी?"

मी हसलेच. पण नंतर आरशातून दोनदा मागे पाहिलं. गोन्सालो माझ्याकडेच बघत होता.

पुढे वाळलेल्या तळ्याचा रस्ता लागला. दोन्ही बाजूंना पांढरं मीठ, डोळ्यांत खुपणारं ऊन, हीटरमधून येणारा धुळीचा वास. मागे मामा रुफिनोला एक जुनी धून शिकवत होता. मग धून थांबली. मग... विलाकोयोच्या चर्चचा मनोरा दिसला.

"दुपारी येणार होतात ना?" गावातली माणसं चिडून म्हणाली. ऊन कलतं झालं होतं. यांचं घड्याळ पुढे असेल, असं मला वाटलं.

दुसऱ्याच गाण्यात रुफिनो कोसळला. चौकातल्या बायकांनी त्याला उचलून शाळेच्या ओसरीवर निजवलं, शर्ट वर केला, आणि सगळ्या एकदम मागे सरल्या. बरगडीखाली एक बारीक लाल रेघ होती. दोऱ्याएवढी. रक्ताचा थेंब नाही. शर्टाला मेणबत्ती विझल्यावर येतो तसा वास येत होता.

त्या वर्षीची गावप्रमुख सातुर्निनाबाई. तिने चटकन शाल ओढून रेघ झाकली. "पित्त झालंय पोरा. थंडी बाधली." मग मला कोपऱ्यात नेऊन हळूच म्हणाली, "खारिसिरी, चरबीचोर. झोपेत चरबी काढून नेलीय. काळ्या मेंढीचं सूप पाजू, वाचेल. पण त्याला कळता कामा नये. आपल्याला काय झालंय हे ज्याला कळतं, तो उरत नाही."

रुफिनोला कळलं नाही, पण चौकाला कळलं. पुरुषांनी गोन्सालोला धरलं, त्याची ती पेटी लाथेने फोडली, आत नुसते स्टेजचे दिवे निघाले, तरी त्याला वर्गात कोंडलं. "गाडीत झोपत नाही म्हणे हा!" कोणीतरी ओरडलं. सेवेरोमामा मान खाली घालून उभा होता. एकजण पेट्रोलचा डबा घेऊन आला.

मलाही संशय त्याचाच होता. म्हणूनच मी वर्गात गेले. त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"आज मीपण झोपलो होतो गं," तो रडत म्हणाला. "कसा ते कळलंच नाही... थांब. रेकॉर्डर! मामांची धून घेत होतो. बंद करायचा राहिला."

त्याने तो खिशातून काढून दिला, मी हेडफोन कानाला लावले. मामाचा सिकु. रुफिनोचं हसणं. मग एकेकाचं घोरणं, मामाचं, रुफिनोचं, गोन्सालोचंसुद्धा, नाकात अडकणारं. मग इंजिनाचा आवाज मंदावला... आणि बंद झाला. नुसता वारा. आणि त्या वाऱ्यात आणखी एक घोरणं, शेवटी शीळ वाजणारं. ते माझं होतं.

मी गाडी थांबवलीच नव्हती. मी झोपलेच नव्हते.

दार सरकलं. कुणीतरी सावकाश आत आलं. प्रार्थनेसारखं पुटपुटणं. रुफिनो कण्हला... बराच वेळ काही नाही. दार लागलं. इंजिन सुरू झालं. मी हेडफोन ओढून काढले.

"आम्हालाही ऐकव!" दारातून माणसं ओरडत होती. "तुमच्या भोंग्यावर लाव, सगळ्या गावाला ऐकू दे!"

भोंगे चालू होते. एक वायर जोडायचा अवकाश, गोन्सालो सुटला असता. पण भिंतीपलीकडे ओसरीवर रुफिनो जागा होता.

"नाही," मी म्हणाले. "एकच माणूस ऐकेल."

"म्हणजे तूही सामील आहेस!"

"सातुर्निनाबाईंना ऐकू द्या. मग मलाही जाळा हवं तर."

तिने टोपी काढून हेडफोन लावले. ऐकता ऐकता तोंडातली कोकाची पानं चघळायची थांबली. शेवटी उठली, डबा हिसकावला आणि पेट्रोल मातीत ओतून दिलं.

"सोडा त्याला. तो घोरत होता."

"पण बाई..."

"सोडा म्हणते ना!"

माणसं कुरकुरत पांगली. मग तिने मला विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?"

"मी."

ती पाऊलभर मागे सरली. आम्ही तिथे होतो तोवर तिने सुपाचा वाडगा माझ्या हातात कधी दिला नाही. जमिनीवर ठेवायची, मग मी उचलायची.

रुफिनो बरा झाला. गोन्सालोने बँड सोडला; मामाने माफी मागितली, ती त्याने ऐकून घेतली, एवढंच. रेकॉर्डर माझ्याकडे ठेवून गेला. पुढचं मी कधी ऐकलं नाही.

परवा गच्चीवर गिटारीच्या तारा बदलता बदलता रुफिनो सहज म्हणाला, "ताई, विलाकोयोला जाताना मी मध्येच जागा झालो होतो, आठवतं? किती राहिलं विचारलं, तर तू मागे न बघता म्हणालीस, झोप बाळा, लांब आहे. काय जुनी आयमारा भाषा बोललीस! कुठे शिकलीस?"

"असंच... ऐकून," मी म्हणाले. त्याला कळता कामा नये.

"आणि तुझ्या शेजारच्या सीटवर कोण झोपलं होतं गं? आम्ही तर सगळे मागे होतो."

"कुणी नाही रे. सामान होतं."

तो तार पिळत हसला. "सामान शीळ वाजवत घोरत नाही, ताई."