माहेरचं विरजण

“पोळी टाकली का खाली गॅसवर पीठ गळते. राखीपासून तीन तवे झाले, व माय. दुकानदार म्हणते, बाई, तुम्ही तव्यावर पोळ्या करता का तवेच खाता?”

शशिकलाबाई ठमके हे हळू आवाजात सांगत होत्या, म्हणजे दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा. सून तनू सातव्या महिन्यात होती. तिला बाळंतपणासाठी माहेरी सोडायला त्या हिंगणघाटहून पिपरडोहला आल्या होत्या, आणि सोडण्याआधी सुनेचा हिशोब मांडणं हे विहिणीचं कर्तव्यच असतं.

“विळ्याचंही तेच. पात कागदासारखी झाली. हिच्या हाताले काय आहे, देव जाणे.” मग अन्याय होऊ नये म्हणून त्या म्हणाल्या, “दही मात्र झकास लावते हो. माहेरचं विरजण घेऊन आली होती लग्नात.”

तनूची आई गुंफा वाढई शेजारीच बसली होती. व्याह्यांच्या माणसाला उलट बोलायचं नाही, या नियमाने ती गप्प होती असं सगळ्यांना वाटलं. डॉक्टर रेवती निमगडे आतून तपासणीच्या रक्ताच्या बाटल्या घेऊन बाहेर येत होत्या. त्या मात्र दारातच थांबल्या.

“हिंगणघाटला?” त्यांनी विचारलं. “तवे हिंगणघाटला गळले?”

“मग काय अमेरिकेत?” शशिकलाबाई म्हणाल्या.

“इथल्या प्रकल्पातलं काही तुमच्याकडे आलं होतं? डबा, पिशवी, कामाचे कपडे?”

“काहीच नाही, बाई. यांच्याकडून सून तेवढी आली.”

रेवतीताईंनी एकदा तनूकडे पाहिलं आणि त्या परत आत गेल्या. बाटल्या नेऊन द्यायच्या होत्या, हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

रेवतीताई वैद्यकातल्या डॉक्टर नव्हत्या. त्या जिवाणूंच्या डॉक्टर होत्या, आणि पिपरडोहचा शीतपोलाद प्रकल्प त्यांच्याच एका जिवाणूवर उभा होता.

दगडातलं लोखंड सुटं करायचं तर त्याला बिलगलेला ऑक्सिजन काढावा लागतो. हजारो वर्षं माणूस ते काम आगीकडून करून घेत आला. पण भट्टीला लागणारा चांगला कोळसा आपल्याकडे कमी, म्हणून तो समुद्रापलीकडून आणायचा. ज्या देशांनी आपले पूल आणि रूळ दीडशे वर्षांपूर्वीच धूर ओकत बांधून घेतले, ते आता आपल्या धुरावर कर बसवणार. मग भंगार वितळवा, असं शहाणे सांगत. पण भंगार निघायला आधी काहीतरी बांधून झालेलं असावं लागतं, आणि आपलं तर निम्मं बांधायचंच राहिलेलं. अशा कोंडीत सापडलेल्या देशाला रेवतीताईंनी आगीवाचून लोखंड दिलं.

त्यांच्या जिवाणूचं नाव लोहमुखी. लोखंडावाचून कुठलाच जीव जगत नाही. जिवाणूही एक चिमुकला रेणू बाहेर सोडतात. तो गळासारखा लोखंडाच्या कणात अडकतो आणि त्याला आत ओढून आणतो. रेवतीताईंनी हा गळ इतका घट्ट केला की तो खनिजाच्या चिखलातूनही लोखंड उपसू लागला. कोमट टाकीत चिखल घालायचा, लोहमुखी सोडायची, नऊ दिवसांनी तळाशी काळी भुकटी बसते. ती चुंबकाने गोळा करून विजेच्या भट्टीत वितळवली की पोलाद तयार. धूर नाही की कोळसा नाही.

प्रत्येक नव्या टाकीत जुन्या टाकीतला थोडा गाळ घालावा लागे. कागदावर त्याला ‘बीजद्रव’ म्हणत. टाक्यांवर काम करणाऱ्या बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव विरजण ठेवलं. मग साहेब लोकही तेच म्हणू लागले.

गेल्या पौषात थंडीची लाट आली. पारा पाचावर गेला आणि त्याच आठवड्यात वीज गेली ती सात दिवस. लोहमुखीला ऊब लागते. टाक्या गार पडू लागल्या तेव्हा रेवतीताई जिन्यावर बसून होत्या. त्यांच्याजवळ जाऊन टाकीवरची मुकादम गुंफा म्हणाली होती, “मॅडम, थंडीत दही लागत नाही तर आपण काय करतो? भांडं गोधडीत गुंडाळतो. ह्याले बी गुंडाळू.”

एकशे चाळीस बायकांनी एकशे चाळीस डबे घरी नेले. स्टीलचे डबे, कारण स्टीलवरच्या क्रोमियमच्या पापुद्र्यातून गळ आत जाऊ शकत नाही. गोधडीत, भुशात, चुलीच्या उबेला, जिला जसं जमलं तसं त्यांनी ते सांभाळले. आठव्या दिवशी एकशे अठरा डबे जिवंत परत आले. प्रकल्प वाचला. गुंफाला साडी आणि मानपत्र मिळालं, फाटकाशी तिचा फोटो लागला. दिल्लीहून आलेल्या माणसाने भाषणात तिला ‘देशाच्या पोलादाची यशोदा’ म्हटलं. गुंफा घरी येऊन लेकीला म्हणाली होती, “यशोदेनं तर लेकरू सांभाळलं होतं, मी तर डबा. मला काऊन म्हणते मग?” तनू त्या थंडीत लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला माहेरी आली होती. दोघी पोट धरून हसल्या होत्या.

त्यानंतर पिपरडोहच्या बायका थकू लागल्या.

हे कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि त्यात नवल नाही. बायकांच्या अंगात रक्त कमी असणं ही आपल्याकडे बातमीच नव्हे. तपासणीत बाराच्या जागी आठ आलं, सात आलं, तर नर्स म्हणे, गूळ-शेंगदाणे खा, लोखंडी कढईत भाजी करत जा. तसा फलकच दवाखान्यात लावला होता. पुरुषांचे आकडेही उतरत होते, पण त्यांची शिल्लक जरा जास्त. बायका जिन्यात थांबून दम खात आणि एकमेकींना म्हणत, वय झालं. त्यातली एक सव्वीस वर्षांची होती.

तनूचं पाच पूर्णांक चार होतं. दोनदा रक्त चढवलं. आठवडाभर ओठांना रंग येई आणि मग आकडा मुकाट्याने खाली उतरे. नागपूरच्या मोठ्या रुग्णालयातच बाळंतपण करायचं, असं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेवतीताईंनी गुंफाला प्रयोगशाळेत बोलावलं. काचेच्या दोन बशा समोर ठेवल्या. दोन्हींत गंजाचा लाल थर होता. एकीत पाण्याचा थेंब टाकलेला, दुसरीत तनूच्या रक्तावर आलेल्या निवळीचा. दुसऱ्या बशीत थेंबाभोवती काच स्वच्छ दिसत होती, कोणी बोटाने पुसून घ्यावी तशी.

गुंफाने बशी उचलून उजेडात धरली.

“ताप नाही, सूज नाही,” रेवतीताई म्हणाल्या. “लोहमुखी काहीच करत नाही. फक्त लोखंड ओढते. आपल्या सगळ्या अंगात मिळून एका मोठ्या खिळ्याएवढं लोखंड असतं, गुंफाताई. त्यातूनच बाळालाही द्यायचं असतं.”

“औषध?”

“दिलं की कमी होते. पण विरजणाचं भांडं कितीही विसळा—”

“दुधाले कळतेच,” गुंफा म्हणाली. “मग बंद करा टाक्या.”

“तेच लिहिणार होते मी.” रेवतीताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “पण आज टाक्यांत रोज ट्रकांनी खनिज पडतंय म्हणून ती पोटभर आहे. नाल्यात, मातीत, भिंतीत, सगळीकडे पसरली आहे. खनिज थांबलं तर ती उपाशी होईल. आणि उपाशी झाली की जिथे उरलंय तिथे जाईल.”

“म्हणजे आमच्याकडे.”

“म्हणजे प्रकल्प चालू ठेवायचा. मला दुसरं काही सुचत नाही,” त्या म्हणाल्या. “पुढच्या महिन्यात ओडिशात, झारखंडात आणि बेल्लारीकडे नवे प्रकल्प सुरू व्हायचेत. विरजण इथूनच जाणार आहे. मी कळवलं. ते म्हणतात, देश थांबू शकत नाही.”

“देशाचं हिमोग्लोबिन किती आहे, विचारलं नाही?”

रेवतीताई हसल्या नाहीत. त्यांनी एक छापील अर्ज पुढे सरकवला. लोहमुखी प्रकल्पाबाहेर आढळली तर दिल्लीला पाठवायचा तो अर्ज. ठिकाणापुढे त्यांनी ‘हिंगणघाट’ लिहिलं होतं. त्याखालचा रकाना, ‘कशामार्फत गेली’, कोरा होता.

“हा कोरा पाठवला तर वर कोणी वाचणार नाही. तीन राज्यांत विरजण जाईल. आणि खरं लिहून भरला तर...”

गुंफाने ते वाक्य पुरं करायला सांगितलं नाही. भरला तर पिपरडोहच्या बाईला कुठलं रुग्णालय आत घेईल, कुठली सासू उंबरठा ओलांडू देईल, हे तिला न शिकताच समजत होतं. तनूला अजून नऊ आठवडे होते.

“वस्तूबिस्तू काही गेली असेल,” गुंफा म्हणाली. “घरी विचारते.”

“विचारा,” रेवतीताई म्हणाल्या. दोघींनी एकमेकींकडे पाहायचं टाळलं.

संध्याकाळी अर्ज घेऊन त्या स्वतःच गुंफाच्या घरी आल्या. शशिकलाबाई दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघणार होत्या. त्यांनी विहिणीसाठी बाजारातून नवा तवा आणला होता, बिडाचा, जाडजूड. “ह्याले काही होत नाही,” असं त्या तिसऱ्यांदा सांगत होत्या. तनू पलंगावर उशीला टेकून होती. तिची नखं पांढरी पडली होती.

“ह्यांना लिहायचंय,” गुंफा कुणाकडेच न पाहता म्हणाली. “इकडून तिकडे काय गेलं ते.”

“प्रकल्पातलं काही नाही, सांगितलं ना काल,” शशिकलाबाई म्हणाल्या. “बाकी साड्या. दोन गाद्या. एक कुकर.”

“कुकर अॅल्युमिनियमचा असेल, त्यात लोखंड नसतं,” रेवतीताई घाईघाईने म्हणाल्या.

“हो, अॅल्युमिनियमचाच,” गुंफा म्हणाली.

“विरजण होतं दह्याचं.”

“त्याचा काही संबंध नाही,” दोघीही एकदम म्हणाल्या.

“मग गाद्याच असतील. जुना कापूस. त्यात काहीही बसते.”

“गाद्या,” रेवतीताई म्हणाल्या आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “गाद्या असू शकतात.”

“असू शकतात,” गुंफा म्हणाली. तिचा आवाज इतका मऊ झाला होता की शशिकलाबाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं.

“आई.” तनू उशीवरून जराशी वर सरकली. तेवढ्यानेही तिला दम लागला, म्हणून सगळ्यांना थांबावं लागलं. “तू डबा चुलीजवळ ठेवला होता. चूल विझली का तो गार पडे. तू दिवसभर टाक्यांवर उभी राहून येत होती, तुझे पाय सुजले होते. तुला उठवलं नाही मी. उचलून गोधडीत घेतला, पोटाशी. सातही रात्री.”

गुंफाच्या मांडीवर नवा तवा होता, आणि तो खाली ठेवावा हे तिला सुचत नव्हतं.

“गाद्या नका लिहू, मॅडम,” तनू म्हणाली. “हिंगणघाटले मी गेली ना.”