कपातलं नाणं बुडालं कसं?

"पुन्हा बर्फकांड्या वितळल्या, तर बुनोय उद्याच्या बसनं घरी!" तीता मेर्लीनं फर्मान काढलं आणि फ्रीझरचं झाकण दाणकन लावलं.

तीता मेर्ली म्हणजे इसिंग, तिचा भाऊ पोल्डो आणि त्यांचा मावसभाऊ बुनोय यांची मावशी. गावची जत्रा दोन दिवसांवर आली होती. होड्यांच्या मिरवणुकीत बसायचं म्हणून तर बुनोय डोंगरातल्या गावाहून आला होता. जत्रेत विकायला मावशीनं लांब पिशव्यांत आंब्याचा रस भरून गोठवला होता. पण रोज संध्याकाळी त्या कांड्या वितळून पुन्हा गोठल्यासारख्या वाकड्यातिकड्या आणि एकमेकींना चिकटलेल्या निघत. बुनोय एकदा झाकण उघडताना सापडला होता, त्यामुळे सगळं खापर बिचाऱ्याच्या डोक्यावर फुटलं.

लोलो आंदोय, म्हणजे मुलांचे आजोबा, तेवढ्यात बाजारातून आले. शेजारच्या गावात कांदे स्वस्त म्हणून ते चालत जायचे आणि गुडघे दुखले की तीनचाकी करून परतायचे. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला! शाम्पूची रिकामी पुडीसुद्धा ते पाणी घालून तीनदा हलवत.

इसिंगनं सकाळीच एका कपात रस गोठवून वर नाणं ठेवलं होतं; रस वितळला, तरच ते बुडणार. आता तो कप तिनं फ्रीझरमध्ये मागं दडवला. दुपारभर तिघंही मावशीसोबत चर्चजवळ पताका बांधत होती. परत आल्या आल्या तिनं कप काढला. नाणं पार तळाशी! म्हणजे मधे रस वितळला होता.

"बुनोय तर माझ्याजवळच होता," मावशी पुटपुटली. "वीज गेली असेल."

"वीज गेली असती तर शेजाऱ्यांचं कराओके थांबलं असतं," पोल्डो म्हणाला. ते थांबावं म्हणून तर सगळी गल्ली देवाला साकडं घालत होती.

म्हणजे वीज फक्त आपल्याच घरातली गेली, असं मुलांनी ताडलं! दुसऱ्या दिवशी जेवणानंतर दिवे-पंखे बंद करून घर झोपलं. पोल्डो पेरूच्या झाडावर चढला, कारण समोरच्या खांबावरचं मीटर तिथून दिसत असे. इसिंग आणि बुनोय फ्रीझरजवळच्या टेबलाखाली लपली.

थोड्या वेळानं पोल्डोनं शीळ घातली. वीज वापरली की फिरणारी मीटरची चकती थांबली होती. इसिंगनं डोकं बाहेर काढलं, तर फ्रीझरची वायर हातात घेऊन लोलो उभे!

"शू! वीज काय झाडाला लागते?" ते कुजबुजले. "झाकण बंद असल्यावर थंडी कुठं पळून जाते? मावशी उठायच्या आत मी पुन्हा लावतो."

"लोलो, झाकणाचं रबर झिजलंय. रस वितळतो आणि तुमच्या त्या बचतीपायी मावशी बुनोयला घरी पाठवणार होती," इसिंग म्हणाली.

लोलोंचा चेहरा पडला. आपल्यामुळे असं होतंय, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांनी लगेच वायर लावली. पोल्डोनं त्यांना खांबापाशी नेलं. मघाची थांबलेली चकती आता भिरभिरत होती.

"दमलेला फ्रीझर वाचवलेली सगळी वीज एकदम खातो," बुनोय हळूच म्हणाला. मग लोलोंनी मावशीला उठवून सगळं कबूल केलं आणि बुनोयची माफी मागितली. मावशीनं बुनोयला घट्ट जवळ घेतलं. "तुमच्या डोक्यापुढं आम्ही मोठी माणसं कुचकामी," ती म्हणाली.

मिरवणुकीत लोलोंच्या होडीत सर्वांत पुढं बसला होता बुनोय! सरळसोट बर्फकांड्या खाऊन झाल्यावर लोलो रिकाम्या पिशव्या गोळा करू लागले. धुवून वापरता येतील, म्हणाले.

बुनोयनं हसत आपलीही पिशवी पुढं केली.