टपावरचा ठेका

छप्पन सालची गोष्ट. आर्कान्सातल्या आमच्या न्यूपोर्टच्या हमरस्त्यावर, भर पावसात, ताडपत्रीत गुंडाळलेला एक लठ्ठ माणूस मधोमध आडवा पडला होता. मी करकचून ब्रेक दाबला. ट्रकमध्ये मागे अंड्यांचे क्रेट एकमेकांवर आदळले… आणि पुढे थांबलेल्या गाडीतून एक उंच, चिंब तरुण धावत आला. त्यानं थेट त्या माणसाच्या पोटाला कान लावला.

"मेला का हो?" मी ओरडले.

"मान शाबूत आहे!" तो हसला. "टपावरची दोरी तुटली."

ताडपत्री बाजूला झाली आणि आतून निघाला बास, उभ्यानं वाजवायचं ते जाड तारांचं लाकडी वाद्य. माणसाहून उंच, पोट सुटलेला… आमच्या घरी आहे तसाच.

त्याचं नाव रेबर्न टॅकेट. गिटार घेऊन गावोगाव गाणारा. रेडिओवर दोनदा वाजलेला, त्यामुळे कॉलर जरा ताठ. एका गावात दुसरा दिवस उजाडला की अंगाला मुंग्या येतात म्हणे. त्याचा बासवाला कालच घरी पळाला होता, बायकोला जुळं झालं म्हणून. आणि आज संध्याकाळी मोटारीत बसून सिनेमा बघायच्या मैदानावर कार्यक्रम. ऐकायला मेम्फिसहून रेकॉर्ड कंपनीचा माणूस यायचा होता.

"मग एकट्यानं गा की."

"ड्रमवाला नाही आमच्यात. ठेका हा बासच धरतो. त्याच्याशिवाय मी म्हणजे… लोण्याशिवाय मक्याचा पाव."

बोलता बोलता त्याची नजर माझ्या बोटांवर थांबली. मी हात ॲप्रनमागे लपवला — पण उशीर झाला होता.

"अंडी उचलून असे घट्टे पडत नाहीत, मिस."

मग सांगावंच लागलं. दर रविवारी चर्चमध्ये बाबा भजनं गातात, मी मागे बास वाजवते आणि ओरडा खाते. कारण माझा ठेका पुढे पळतो. बाबांचं ठरलेलं वाक्य, "ओलेटा, देवाला घाई नाहीये." देवाला नसेल. मला होती. विशी गाठली तरी अंड्यांच्या ट्रकनं दाखवलं तेवढंच जग पाहिलेलं. रेडिओ लावला की पाय आपोआप हलायचे… आणि सकाळी पुन्हा त्याच कोंबड्या.

"पुढे पळतो?" रेबर्नचे डोळे चमकले. "किती पुढे?"

संध्याकाळी आम्ही मैदानातल्या खाण्याच्या टपरीच्या सपाट छपरावर उभे होतो. खाली मोटारीच मोटारी. पाऊस थांबलेला, काचा अजून ओल्या. मी सारखी या पायावरून त्या पायावर होत होते.

"घाबरलीस?" त्यानं पहिल्यांदाच अगं-तुगं केलं.

"बूट चावताहेत."

"खोटारडी!"

गाणं सुरू झालं आणि तिसऱ्याच ओळीला माझा ठेका सुटला, पुढे पळाला! तार ओढून सोडली की लाकडावर फाट्कन आपटत होती. आता हा डोळे वटारणार, म्हणून मी भीतभीत पाहिलं… तो हसत होता. माझ्यामागे पळत गात होता. मला 'थांब' न म्हणणारा तो पहिलाच माणूस. तिथेच मी त्याच्या प्रेमात पडले, लपवायचं कशाला?

गाणं संपलं आणि मैदानभर हॉर्न वाजले. इथल्या टाळ्या त्याच. सगळे शांत झाल्यावर एक हॉर्न एकटाच वाजला… घसा बसलेला. बाबांची मोटार! मी परतले नाही म्हणून ते शोधत आले होते.

शिडीखाली ते टोपी हातात धरून उभे होते.

"पुढे पळालीस."

"हो, बाबा."

"आज मात्र सगळे तुझ्यामागे आले." त्यांनी रेबर्नला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हा जेवतो की नाही कधी? उद्या चर्चनंतर घरी आण. तुझी आई कोंबडी तळणार आहे."

ते गेले. रेबर्ननं कंपनीवाल्याशी बोलून बास पुन्हा गाडीच्या टपावर चढवला आणि तो नव्या दोरीशी खेळत उभा राहिला.

"कंपनीवाल्यानं सोमवारी मेम्फिसला बोलावलंय. दोघांना." तो अडखळला. "ओलेटा, मला बास वाजवणारी हवीय… म्हणजे, तेवढीच नको. तू हवीस. पण लगेच नको सांगूस. मेम्फिस राहू दे. मी थांबतो इथे. आठवडा… महिना…"

अंगाला मुंग्या येणारा माणूस हे म्हणत होता!

"मला घाई नाहीये," तो हळूच म्हणाला.

मी त्याच्या हातातून दोरी घेतली, टपावरच्या बासला करकचून गाठ मारली आणि त्याच्याकडे वळले.

"मला आहे."