जोडीचा वेग

चाकणच्या एका कंपनीत सदाशिव टिपणीस तीस वर्षं स्टॉपवॉच घेऊन लोकांच्या मागे उभे राहिले. कोण किती वेळात किती नट आवळतो ते मोजायचं आणि सावकाश आवळणाऱ्याला भरभर आवळणाऱ्याच्या बरोबरीला आणायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीच्या समारंभाला कामगार मोठ्या संख्येने आले होते. खात्री करून घ्यायला.

आता आकुर्डीच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत ते खेळण्यातल्या आगगाड्या चालवत. ‘खेळण्यातल्या’ हा शब्द त्यांच्या पत्नीचा, चित्राताईंचा; ते स्वतः ‘मॉडेल’ म्हणत. प्लायवूडवर खंडाळ्याचा घाट, थर्माकोलचे डोंगर, एक बोगदा आणि रुळांचं मोठं वेटोळं. रुळांच्या एका सांध्यात फट राहिली होती. इंजिन तिथून गेलं की ‘टक’ असं वाजे. फट मुद्दाम ठेवलीय, असं ते पाहुण्यांना सांगत.

घाट चढायला एक इंजिन पुरेना, म्हणून मारुंजीला राहणाऱ्या मुलाने, केयूरने, दुसरं आणून दिलं. ते लाल, नवं आणि चपळ. जुनं हिरवं आपलं निवांत. दोन्ही एका गाडीला जोडली की लाल ओढायचं, हिरवं फरफटायचं आणि डबे वळणावर आडवे व्हायचे. उपाय एकच, दोघांचा वेग जुळवायचा. इंजिनाच्या पोटात नखाएवढी चिप असते. हातातल्या कंट्रोलरवरून तिचे आकडे बदलले की वेग बदलतो.

“लाल म्हणजे तुम्ही,” चित्राताई दारातून म्हणाल्या. “मंडईत कायम चार पावलं पुढे. आणि हिरवं ते मी, पिशव्या घेऊन.”

“पिशवी मी घेतो.”

“जाताना. रिकामी.”

हल्ली त्या जरा जास्तच मागे पडत होत्या. हृदयाचे ठोके कमी पडत होते. थोडे दिवस बघू, नाही सुधारले तर पेसमेकर बसवू, असं डॉक्टर म्हणाले होते. “म्हणजे मलाही चिप,” म्हणून चित्राताई हसल्या होत्या. सदाशिवराव हसले नव्हते. तेव्हापासून करोनात घेतलेला, ठोके दाखवणारा ऑक्सिमीटर ते सतत त्यांच्या बोटाला लावत. पोळ्या लाटताना त्या न सांगता कणकेचं बोट पुढे करत.

वेग जुळवायला बसले, तेव्हा हिंदुराव चहाला आले होते. हिंदुराव त्याच कंपनीतल्या युनियनचे जुने पुढारी. नोकरीत दोघं एकमेकांचं तोंड बघत नसत. निवृत्तीनंतर कंपनीच्या गोष्टी ऐकून घेणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

सदाशिवरावांनी सवयीने हिरव्याचे आकडे वाढवले. हिरवं सुसाट सुटलं, लाल त्याच्याबरोबर. सांध्यावर टक, टक, टक.

“वाढिवला रेट?” हिंदुराव म्हणाले. “सायेब, तुमची खोड काय जायाची न्हाई. मागं ऱ्हायलेल्यालाच पळवायचा.”

स्वयंपाकघरातून लाटण्याचा आवाज भरभर यायला लागला. चित्राताईंनी पोळ्या संपवल्या, उरल्या कणकेच्या पुऱ्या तळल्या, मग माळ्यावरचे डबे काढून घासायला घेतले. “आज फारच बरं वाटतंय हो!” त्या ओरडल्या. धाप लागलेली होती. सदाशिवरावांनी त्यांना हाताला धरून सोफ्यावर बसवलं. ऑक्सिमीटरवरचा आकडा सकाळच्या दुपटीहून वर होता.

मागच्या खोलीत काहीतरी खडखडलं. वळणावर डबे आडवे झाले, हिरवं अडकून थांबलं, लाल एकटंच पुढे निघून गेलं.

चित्राताईंची मान कलली.

हिंदुराव पाणी आणायला धावले. सदाशिवरावांनी फोनकडे धावायला हवं होतं. ते मागच्या खोलीत धावले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी हिरवं उचलून रुळावर ठेवलं. ते चालू लागलं.

“तळणीचं तेल झाकलं का?” सोफ्यावरून आवाज आला.

मोजमापाच्या माणसाने एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये. दुसरं निरीक्षण घ्यायची मात्र त्यांची छाती झाली नाही.

हिंदुरावांचा चहा तसाच राहिला होता, वर साय धरलेली. “सायेब,” ते हळूच म्हणाले, “लालचा रेट कमी करा.”

“त्याने काय होईल?”

“मला काय म्हायती? पन जल्मात एकदा करून तर बघा.”

सदाशिवरावांनी हिरव्याला पहिल्यापेक्षा जरासंच वर ठेवलं, आणि लालला खाली आणलं, खाली, आणखी खाली. एकेक आकडा उतरला तशी त्यांच्या खांद्यांतली घाई उतरत गेली. दोन्ही इंजिनं जोडली. गाडी डौलात घाट चढली. हिंदुरावांनी टाळ्या वाजवल्या, आणि सदाशिवरावांनी त्या दिवशी चहा बसून प्यायला.

दुसऱ्या दिवशी मंडईत भाजीवाल्या विमलबाईंनी विचारलं, “साहेब आज बरोबरीनं? बरं नाही का त्यांना?”

डॉक्टर खूश होते. पेसमेकरची गरज नव्हती. त्यांनी हौसेने सदाशिवरावांचाही कार्डिओग्राम काढला. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर धरल्या, उजेडात नेल्या, आणि मशीनमध्ये बिघाड आहे म्हणून कंपाउंडरला ओरडले.

गाडी बंद करायचं सदाशिवरावांनी टाळलं. चित्राताईंनी त्याबद्दल विचारलं नाही. फक्त झाडताना त्या आता खोलीच्या दाराशीच थांबत.

आकुर्डीत गुरुवार म्हणजे विजेच्या दुरुस्तीचा दिवस. हे सदाशिवराव कधी विसरत नसत. त्या गुरुवारी विसरले.

दोघं हॉलमध्ये मटार सोलत होती. पंखा मंदावत थांबला. फ्रिजची घरघर थांबली.

दोघांचे हातही थांबले.

मग मागच्या खोलीतून आवाज आला. टक.

सदाशिवराव उठून पाहून आले. कंट्रोलरचा दिवा विझला होता. प्लगही त्यांनी काढून पाहिला. गाडी बोगद्यात शिरली, बाहेर आली, वळणावरून गेली.

“चालू आहे,” ते म्हणाले.

“मग झालं तर,” चित्राताई म्हणाल्या आणि सवयीने बोट पुढे केलं.

ऑक्सिमीटरवर दोन आडव्या रेघा आल्या.

त्यांनी तो स्वतःच्या बोटाला लावला. दोन आडव्या रेघा.

“काय म्हणतंय?”

“सारखंच आहे दोघांचं. सेल गेले असतील.”

दारातून हिंदुराव आले. जिना चढून आले होते, घामाघूम. “बघू माजंबी,” म्हणत त्यांनी ऑक्सिमीटर बोटाला अडकवला. आकडा लगेच उमटला आणि लुकलुकत राहिला.

“चालतंय की झ्याक! तुमचं किती?”

सदाशिवरावांनी मनगट चाचपून पाहिलं. आधी चित्राताईंचं, मग आपलं. मागच्या खोलीत टक वाजलं, थोड्या वेळाने पुन्हा टक.

“हिंदुराव,” दोघं एकदमच, एका सुरात म्हणाली, “चहा घेणार ना?”